ओळख पटल्यावर पुढे काय? पक्षी आणि पक्ष्यांची पुस्तकं

निर्गुडी

पक्षीनिरीक्षक म्हणवून घ्यावं इतकं मी काही करत नाही. दुर्मीळ पक्षी दिसल्याची बातमी आली की निघायचं, यादी वाढवत राहायची, असा माझा पिंड नाही. दुर्बीण हाताशी असते, एक-दोन पुस्तकं उशाशी असतात आणि जे पक्षी आपणहून समोर येतात ते मी बघते. बरीच वर्षं हे चाललंय. त्यातून एक गोष्ट मनात पक्की होत गेली, ती मांडावी म्हणून हा धागा.

पक्ष्याचं नाव कळलं की बहुतेकांचं त्याच्याकडे बघणं थांबतं. "अरे, बुलबुल आहे" म्हणायचं आणि दुर्बीण दुसरीकडे वळवायची. आपण ज्या पुस्तकांवर वाढलो ती पुस्तकंसुद्धा बहुतेक नावापर्यंत नेऊन सोडतात. माझा सगळा आनंद मात्र त्या पुढचा आहे.

यात मार्गदर्शिकांना बोल लावायचा नाही. ओळख पटवून देणं हेच त्यांचं काम, आणि ते काम किती मोठं आहे हे त्यांचा इतिहास पाहिला की कळतं. एके काळी पक्ष्याची खात्रीशीर ओळख म्हणजे बंदुकीने पाडलेला पक्षी हातात घेऊन पंख, चोच, पाय मोजणं. १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी आपल्या मार्गदर्शिकेत सारखे दिसणारे पक्षी शेजारी-शेजारी काढले आणि नेमक्या खुणेकडे छोट्या रेघेने बोट दाखवलं. डोळ्यावरची पट्टी बघा, पंखावरचा पांढरा डाग बघा. दुरून, जिवंत पक्षी बघून ओळखायची रीत त्यातून सामान्य माणसाच्या हाती आली.

आपल्याकडे १९४१ मध्ये सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं. त्या पुस्तकातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आकार सांगायची पद्धत. इंच आणि सेंटिमीटर झाडावर बसलेल्या पक्ष्याला कुठून लावणार? म्हणून चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार यांच्यासारखे ओळखीचे पक्षी हेच माप. अमुक पक्षी बुलबुलाएवढा, तमुक साळुंकीपेक्षा जरा मोठा. हे माप वापरायचं तर आधी ती रोजची मंडळी नीट बघून ठेवावी लागतात. म्हणजे पुस्तक उघडायच्या आधीच त्याने पहिला धडा दिलेला असतो.

आता चित्रांकडे येते. चित्रातला पक्षी बहुधा विणीच्या ऐन रंगातला नर असतो, कडेने उभा आणि स्वच्छ उजेडात. बाहेर दिसणारा पक्षी वर्षातले कितीतरी महिने तसा नसतो. जांभळा सूर्यपक्षी घ्या. ऐन हंगामात नर काळा-जांभळा, उन्हात धातूसारखा झळकणारा. वीण आटोपली की तो रंग उतरतो. मग पोट पिवळट, पाठ मातकट आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा. मादीला असा पट्टा नसतो. परत रंग भरायला लागले की काही दिवस अंगभर ठिगळं दिसतात, खांद्यावर एखादा निळा ठिपका आधी चमकायला लागतो. एकाच झाडावर येणाऱ्या एकाच नराचा हा फेरा मी पुन्हापुन्हा पाहिलाय. पुस्तकात त्याला दोन चित्रं आणि फार तर एक ओळ मिळते. बाकी सगळं आपण बघायचं.

ढोकरीचंही तसंच. एरवी काठावर मातीत मिसळून गेलेली असते, उडाली की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. पावसाळ्याच्या तोंडावर तिची पाठ गडद तांबूस होते, डोक्यावर लांब तुरे येतात, आणि हीच का ती असा प्रश्न पडतो.

एका पुस्तकाने मला ओळखीच्या पक्ष्याकडे परत कसं पाठवलं ते सांगते. तांबट सगळ्यांनाच माहीत आहे. त्याचं टुक टुक टुक भर दुपारी चालू असतं. तो ओरडतो कसा, हे मात्र मी वाचेपर्यंत कधी बघितलं नव्हतं. चोच मिटलेलीच असते आणि प्रत्येक 'टुक'ला गळ्याच्या बाजूची कातडी फुगते, बसते. ओरडताना तो मान या बाजूला, त्या बाजूला वळवतो, त्यामुळे आवाज एकदा इकडून आणि एकदा तिकडून आल्यासारखा वाटतो. हे वाचल्यावर पानगळ झालेल्या उंबरावर शेंड्याला बसलेला तांबट दुर्बिणीत धरला आणि बघत बसले. लाल कपाळ, गळ्याखाली लाल चंद्रकोर, डोळ्याभोवती पिवळा, चोचीच्या बुडाशी राठ मिशा. आणि गळा खरोखरच प्रत्येक ठोक्याला हलत होता. इतकी वर्षं ज्याचा आवाज कानावर पडत होता तो पक्षी त्या दिवशी मला नव्याने भेटला.

असं देणारी पुस्तकं म्हणजे सलीम अली आणि डिलन रिप्ली यांचे दहा खंड. १९६८ ते १९७४ या काळात ते निघाले. खिशात मावणारे नाहीत, झाडाखाली उघडून बसायचेही नाहीत. एकेका पक्ष्यावर आढळ, सवयी, खाद्य, आवाज, वीण असं सलग लिहिलेलं. मी संध्याकाळी त्यातलं एखादं पान काढते, तेही शक्यतो रोजच्या बघण्यातल्या पक्ष्याचंच.

सलीम अलींनी सुगरण अशीच पाहिली. किहीमच्या किनाऱ्यावर राहून, घरट्यांच्या वसाहतीसमोर मुक्काम ठोकून, आणि मग त्यावर लिहिलं. नर घरटं अर्धं विणून ठेवतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीला पसंत पडलं की मगच तो पुढची नळी विणतो. ती अंड्यांवर बसली की हा गडी जवळच दुसरं घरटं सुरू करतो, दुसरीसाठी. सुगरण तेव्हाही काही दुर्मीळ नव्हती. लोक पिढ्यान्‌पिढ्या ती घरटी बघत आले होते. फरक पडला तो समोर बसून राहिल्याने.

तर तुम्हाला विचारायचं आहे: नावाच्या पुढे नेणारं पुस्तक तुम्हाला कोणतं भेटलं? आणि कोणत्या साध्या पक्ष्याकडे तुम्ही त्यामुळे परत गेलात?

---

तिसरा_प्रहर

मनापासून पटलं. वाचनखूण साठवली आहे.

मराठीपुरतं बोलायचं तर मारुती चितमपल्ली. आयुष्य वनखात्यात गेलं, त्यामुळे लिहिण्यात जंगल बाहेरून आलेलं वाटत नाही. 'पक्षी जाय दिगंतरा' मी शाळेत असताना वाचलं आणि 'पक्षिकोश' पुढे कायमचा टेबलावर आला. आदिवासींकडून, पारध्यांकडून, मासेमारांकडून ऐकलेलं ते नोंदवून ठेवतात. काही गोष्टी पडताळून बघाव्या लागतात हे खरं, पण ज्या माणसांचं पोट जंगलावर होतं त्यांचं बघणं मराठीत इतक्या आस्थेने फार कमी जणांनी लिहून ठेवलंय. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या पुस्तकांच्या चांगल्या, सूची असलेल्या आवृत्त्या सतत उपलब्ध राहाव्यात असं फार वाटतं.

किरण पुरंदरे यांचं 'मुठेवरचा धोबी' पण जरूर वाचा. शहरातून वाहणाऱ्या नदीवरचा एक पक्षी धरून बसलेलं पुस्तक आहे. तुमच्या म्हणण्याला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

---

दगडफूल

लेख आवडला, पण एका बाबतीत थोडा वेगळा विचार मांडते. हल्ली नवीन मुलं पुस्तकाकडे येण्याआधी मोबाईलवर येतात. मर्लिनसारखं अ‍ॅप आवाज ऐकून नाव सांगतं. माझ्या पुतणीला पक्ष्यांची गोडी लागली ती त्यातूनच. गॅलरीत उभी राहून ती आवाज पकडते, नावं उमटतात, मग तो पक्षी कुठे बसलाय ते शोधते. पुस्तक हातात देऊन तिला हे लागलं नसतं. रस्ता कुठलाही असो, माणूस झाडाकडे बघायला लागला हे महत्त्वाचं नाही का?

---

निर्गुडी

दगडफूल, नक्कीच महत्त्वाचं. पुतणी आवाजावरून पक्षी शोधायला जाते हे वाचून छान वाटलं, कारण तिचं बघणं नावाशी थांबत नाहीये.

अ‍ॅपबद्दल माझा आक्षेप छोटा आहे. नाव इतक्या लवकर मिळतं की मधली धडपड होतच नाही. पुस्तकात शोधताना पानं उलटावी लागतात. हा की तो, भुवई होती का, शेपटी हलवत होता का, असे प्रश्न पडतात, आणि उत्तर आठवत नाही म्हणून परत वर बघावं लागतं. माझं बरंचसं शिकणं त्या "परत वर बघण्यात" झालंय.

शिवाय नकलाकार पक्षी आहेतच. भृंगराज दहा पक्ष्यांचे आवाज काढतो. कोतवाल शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याची हुबेहूब नक्कल करतो. पडद्यावर 'शिक्रा' उमटला आणि फांदीवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी बसलेला असेल, तर डोळ्यांवर विश्वास ठेवायला तिला शिकवा.

---

पाणकाठ

नमस्कार, मी इथे नवीन आहे आणि पक्ष्यांमध्येही. धाग्याशी जुळतं की नाही माहीत नाही, पण तुम्ही मंडळी सांगू शकाल म्हणून विचारतो.

इमारतीमागच्या झाडीत सातभाईंचा थवा रोज येतो. गेल्या आठवड्यापासून त्यांच्याबरोबर एक वेगळाच पक्षी दिसतोय. सातभाईपेक्षा मोठा, वरून राखाडी-तपकिरी, पोट पांढरट आणि त्यावर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी, लांब शेपटीवर आडवे पट्टे. मला वाटलं ससाणा किंवा शिक्रा असणार. पण सातभाई त्याला घाबरत नाहीत. उलट काल एका सातभाईने चोचीतला किडा त्याच्या तोंडात भरवला! तो पंख थरथरवत, तोंड वासून सारखा चिरक्या आवाजात ओरडत होता. शिकारी पक्ष्याला सातभाई का भरवतील?

---

गवताळ

पाणकाठ, फार सुंदर गोष्ट पाहिलीत तुम्ही. तो शिक्रा नाही. पावशाचं पिल्लू आहे.

पावशा कोकिळेच्या कुळातला. घरटं बांधत नाही, अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. अंडी निळी, सातभाईंचीही निळी. पिल्लू वाढतं सातभाईंच्या हाताखाली आणि घरटं सोडल्यावरही काही काळ त्यांच्यामागे हिंडत खायला मागतं. चातकसुद्धा सातभाईंकडेच पिल्लं सोपवतो, पण तो काळा-पांढरा आणि डोक्यावर शेंडी असलेला. तुमचं वर्णन पावशाचंच आहे.

शिक्र्याशी घोटाळा होणं स्वाभाविक आहे. पावशा दिसतो शिक्र्यासारखा, उडण्याची ढबही तशीच, त्यामुळे छोटे पक्षी त्याला बघून कलकलाट करतात. पण पुढच्या वेळी तीन गोष्टी बघा. चोच: शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी, पावशाची लांबट आणि टोकाला जेमतेम वाकलेली. पाय: शिक्र्याचे लांब, उघडे, नखं दणकट, पावशाचे आखूड, फांदीवर बसल्यावर पोटाखाली जवळजवळ दिसतच नाहीत. आणि बसणं: शिक्रा ताठ बसतो, पावशा बरेचदा अंग आडवं टाकून, शेपटी खाली सोडून.

उन्हाळ्याच्या शेवटी रात्रंदिवस 'पेरते व्हा, पेरते व्हा' ऐकला असेल ना? तो याचाच बाप. आवाज ओळखणारे हजारो, पक्षी पाहिलेले थोडे, आणि सातभाईला त्याच्या पिल्लाला भरवताना पाहिलेले त्याहून थोडे.

---

पाणकाठ

खूप खूप आभार! आज सकाळी चोच बघितली. सरळसोट आहे, आकडा नाही. डोळ्याभोवती पिवळी कडाही दिसली. आता सातभाईंकडे बघायची दृष्टीच बदलली.

---

निर्गुडी

गवताळ, काय सुरेख सांगितलंत! पाणकाठ, धाग्याशी याहून जास्त जुळणारं काही नाही. हा पक्षी कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडेल, पण 'सातभाई शिकारी पक्ष्याला का भरवतील' हा प्रश्न चित्रांच्या पानावर नसतो. तो तुम्हाला पडला कारण तुम्ही रोज त्याच थव्याकडे बघत होतात.

---

वाचनवेडा

जुन्या पुस्तकांचा विषय निघाला आहे म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

आज ज्या चित्रांवरून आपण पक्षी ओळखतो त्यांच्या मागे संग्रहालयातले नमुने आहेत. लाखो पक्षी मारून, कातडी भरून, पायाला चिठ्ठी बांधून खणांमध्ये ठेवलेले. कुठे, कधी, कोणी मिळवला ते त्या चिठ्ठीवर असतं. डोळे, पाय आणि चोच यांचे रंग मेल्यावर उडतात, म्हणून काळजीने काम करणारे लोक तेही तिथल्या तिथे लिहून ठेवत. ही हिंसा होती यात शंका नाही, आणि तिच्याशिवाय आपली पुस्तकं झाली नसती हेही खरं. दोन्ही गोष्टी मनात बाळगूनच मी ती पुस्तकं वाचतो.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ओळखतो. पक्ष्यांच्या जगात त्यांचं स्थान त्याहून मोठं आहे. देशभर माणसं पेरून त्यांनी नमुन्यांचा प्रचंड संग्रह उभा केला आणि १८७२ पासून 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक चालवलं. भारतीय पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी त्यांनी वर्षानुवर्षं टिपणं जमवली होती. सिमल्याच्या घरातून ते कागद चोरीला गेले आणि रद्दीच्या भावात विकले गेले. त्या धक्क्यानंतर ह्यूम यांचं मन या कामातून उठलं आणि संग्रह त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. त्या रद्दीत काय काय गेलं असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आता गोष्ट वनपिंगळ्याची. १८७३ मध्ये ह्यूम यांनीच त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. साध्या पिंगळ्यासारखा, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर आणि शेपटीवर पट्टे ठळक. पुढे तो दिसेनासा झाला. संग्रहालयांमध्ये जेमतेम सात नमुने. त्यातला शेवटचा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा, १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची नोंद असलेला. सलीम अलींसह अनेकांनी पुढे या पक्ष्याचा शोध घेतला, कोणाला सापडला नाही.

पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्‌झहागेन याने संग्रहालयातून नमुने चोरून, त्यांवर खोट्या चिठ्ठ्या लावून ते आपले म्हणून खपवले होते, हे तोवर उघड होऊ लागलं होतं. हा पिंगळाही त्यातलाच निघाला. तो खरा जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात मिळवलेला. भरण्याची डेव्हिडसनची खास पद्धत होती, तिच्या खुणा कातड्यात राहून गेल्या होत्या. १९१४ ची नोंद बाद झाली, तेव्हा पक्षी शेवटचा मिळाला तो १८८४ मध्ये असं ठरलं. मग रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी खोटी जागा सोडून खऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या टेकड्यांमध्ये वनपिंगळा उघड्या झाडावर, दिवसाढवळ्या बसलेला सापडला. ११३ वर्षांनी!

पुढे तो मेळघाटात, यावलमध्ये, तानशातही मिळाला. आज धोक्यात असलेल्या पक्ष्यांत त्याची गणना होते.

एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना किती काळ भलतीकडे पाठवलं, आणि दुसऱ्या माणसाच्या प्रामाणिक चिठ्ठीने शंभर वर्षांनी बरोबर झाडापाशी कसं नेलं, याने मी पार हलून गेलो. म्हणून आपली टिपणवही कितीही साधी असो, तारीख आणि जागा खरी लिहा. ज्याची खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका.

---

तिसरा_प्रहर

वाचनवेडा, अप्रतिम. वनपिंगळा परत सापडल्याचं माहीत होतं, पण चिठ्ठ्यांची बाजू माहीत नव्हती. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, विनंती आहे.

---

सांजवेळ

पुस्तकांवरून एक आठवलं. नेहरूंनी डेहराडूनच्या तुरुंगातून सलीम अलींचं पुस्तक इंदिरा गांधींना पाठवलं होतं. इंदिराजी स्वतः नैनीच्या तुरुंगात असताना उंच भिंतींमुळे पक्षी दिसत नसत, तेव्हा ऐकलेले आवाज ध्यानात ठेवून नंतर पुस्तकावरून त्यांनी पक्षी ओळखले. आवाज आधी, पुस्तक मग. दगडफूल यांच्या पुतणीची रीत तशी जुनीच म्हणायची.

वेगळा, पण मला फार महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. पुस्तकातल्या पक्ष्यासारखा फोटो मिळावा म्हणून लोक काय काय करतात ते बघून जीव तुटतो. घरट्यासमोरची पानं तोडतात. मोबाईलवर नराचा आवाज पुन्हापुन्हा वाजवतात, तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा आला म्हणून खाणंपिणं सोडून शोधत फिरतो. ती पानं ऊन अडवत असतात, घरटं कावळ्यापासून लपवत असतात. शिंप्याने दोन पानं शिवून केलेली पिशवी असते, तिचं एक पान बाजूला केलं की राहिलं काय? विणीच्या काळात घरट्यापासून लांब राहा. फोटो नाही मिळाला तरी चालेल.

---

गवताळ

सांजवेळ, शंभर टक्के अनुमोदन. टिटवीचंही तेच. ती उघड्या मुरमाड जमिनीवर अंडी घालते, दगडांत दगडासारखी. भर उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. आपण फोटोसाठी तिथे उभे राहिलो की ती दूर उभी राहून ओरडत राहते आणि तेवढा वेळ अंडी तापतात. ती ओरडायला लागली की आपण मागे सरायचं, इतकं साधं आहे.

---

दगडफूल

निर्गुडी, तुमच्या मूळ लेखाला एक जोड द्यावीशी वाटते. साध्या पक्ष्यांकडे परत जाण्याला आता आणखी एक कारण आहे.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२० मध्ये आणि मग २०२३ मध्ये आला. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि त्याचा पाया म्हणजे सुमारे ३०,००० हौशी लोकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या ३ कोटींहून जास्त नोंदी. त्यात माझ्यासारख्यांच्या "चार साळुंक्या, दोन बुलबुल, एक घार" अशा याद्याही आहेत. मोर, कोकिळा वाढलेत. चिमणी देशभर साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांतून मात्र कमी झाली. आणि तारांवर बसलेला दिसायचा तो नीलपंख उतरणीला लागलाय. नीलपंखाकडे कोणी खास म्हणून बघत नव्हतं. लोकांनी कंटाळा न करता "नीलपंख – १" लिहून ठेवलं म्हणून ही घसरण कळली तरी.

तेव्हा मोबाईल अगदीच वाया गेलेला नाही. पुतणी आता आवाजावरून नाव आलं तरी पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय यादीत टाकत नाही. हे तिचं तिनेच ठरवलं.

---

निर्गुडी

दगडफूल, हे मनापासून मान्य. नीलपंखाचं वाचून मी आजपासून कावळेही मोजणार आहे. पुतणीला शाबासकी सांगा.

व्यक्तिगत निरोपात दोघा-तिघांनी विचारलंय की पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं. माझं मत: आधी मराठीतलं, आपल्या भागातल्या नेहमीच्या पक्ष्यांचं, हातात धरून फिरता येईल असं छोटं पुस्तक घ्या. फोटोंपेक्षा चित्रं असलेलं असेल तर उत्तम, कारण फोटोत त्या क्षणीचा उजेड असतो आणि चित्रकाराने मात्र खूण दिसावी म्हणून रेखाटलेलं असतं. नर, मादी आणि पिल्लू तिन्ही दिलेत का ते पाहा. पाणलाव्याचं पान उघडून बघा: त्यात रंगीत पक्षी मादी आहे आणि अंड्यांवर बसणारा फिकट पक्षी नर, हे स्पष्ट सांगितलेलं असेल तर पुस्तक मन लावून केलंय असं समजायला हरकत नाही. सगळ्या उपखंडाचं जाडजूड पुस्तक नंतर घ्या. तेराशेच्या वर जाती एकदम समोर आल्या की नवा माणूस गांगरतो. वटवट्यांची पानं तर सुरुवातीला उघडूच नका. हिवाळ्यात येणारे ते हिरवट-मातकट छोटे पक्षी एकमेकांपासून ओळखायला जुन्याजाणत्यांनाही आवाजाचा आधार घ्यावा लागतो.

आणि पुस्तकाच्या समासात लिहा. पेन्सिलीने, तारखेसकट.

---

वाचनवेडा

समासात लिहिण्याला जोरदार पाठिंबा. जुनं पक्ष्यांचं पुस्तक चाळताना आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या नोंदी सापडल्या की मी छापील मजकूर सोडून आधी त्या वाचतो.

---

पाणकाठ

पिल्लाची खबर देतो. सातभाई अजून भरवताहेत, पण कमी. आज त्याने स्वतः एक केसाळ सुरवंट पकडला, फांदीवर दोन-चारदा आपटला आणि गिळला. लगेच शेजारी आलेल्या सातभाईपुढे तोंडही वासलं! सातभाईने या वेळी दुर्लक्ष केलं.

दगडफूल, ईबर्डवर खातं उघडलं. पहिल्या यादीत सातभाई ७, पावशा १. शेऱ्यात भरवण्याबद्दल लिहिलंय. गवताळ, तुम्ही सांगितलेल्या चोचीच्या आणि पायांच्या खुणाही त्यात टाकल्यात, म्हणजे हा शिक्रा नाही असं मी कशावरून ठरवलं ते तपासणाऱ्याला कळेल.